रीजन्सी प्रेमकथा अजून का वाचल्या जातात?

चहाटळ
रीजन्सी म्हणजे इंग्लंडमधला 1811 ते 1820 हा काळ. राजा तिसऱ्या जॉर्जला वेडाने ग्रासलं आणि युवराज राज्यकारभार पाहू लागला. जेमतेम नऊ वर्षं! त्यावर जॉर्जेट हेयर या इंग्रज लेखिकेने 1935 पासून खुसखुशीत कादंबऱ्या लिहिल्या आणि तो कारखाना अजून चालूच आहे. लोक या कथा प्रेमासाठी वाचतात, हे मला पटत नाही. खरी गंमत नियमांची आहे. वाङ्निश्चय झाल्यावर सभ्य पुरुषाला माघार घेता येत नसे. घेतलीच तर मुलगी भरपाईचा दावा लावू शके. मुलीने मोडला तर तिला चार नावं ठेवून लोक गप्प बसत. आता नायकाचा वाङ्निश्चय भलत्याच मुलीशी करून द्या. पुढची दोनशे पानं त्याला तिच्याच तोंडून 'नको' वदवून घ्यायचंय.

अडकित्ता
नियमांची गंमत उमरावांना हो. 1815 मध्ये परदेशी धान्य अडवून पाव महाग ठेवणारा धान्य कायदा आला, 1819 मध्ये मँचेस्टरला लोकांच्या सभेवर घोडदळ घातलं. कादंबरीत पाव दिसतो तो अल्मॅक्स या लंडनच्या उमरावी क्लबाच्या नृत्यसभेतला, आणि विनोद काय, तर तो शिळा असतो! नायकाचे वर्षाला दहा हजार पौंड येतात कुठून? पुष्कळ घराण्यांचा पैसा वेस्ट इंडीजच्या उसाच्या मळ्यांतला. गुलामांचा व्यापार 1807 मध्ये बंद झाला, पण मळ्यांवरची गुलामगिरी संपवणारा कायदा आला 1833 मध्ये. शिवाय इंग्रज सेनापती वेलिंग्टनच्या फौजेतून परतलेल्या नायकासाठी आपण हळहळायचं. हा वेलिंग्टन म्हणजे 1803 साली जालन्याजवळ असईला शिंदे-भोसल्यांशी लढलेला वेलस्ली. पेशवाई बुडाली तीही याच नऊ वर्षांत.

चहाटळ
मळ्यांचा मुद्दा मान्य. पण पैसा लपवतात म्हणाल तर नाही. लग्न झालं की बायकोची रोकड नवऱ्याची, म्हणून आधी करारनामा: हातखर्च किती, विधवा झाल्यास सालीना नेमणूक किती. नायिका हे आकडे ऐकूनच नाक मुरडते किंवा हुरळते.

आडवाट
नव्या लेखकांना नियमच माहीत नसतात, त्यावरही बोला. 1753 च्या कायद्याने एकविशीच्या आत वडिलांच्या संमतीशिवाय लग्नाचा परवाना मिळेना. चर्चमध्ये तीन रविवार लग्नाचा पुकारा करावा तर बाप उठून हरकत घेणार. स्कॉटलंडला हा कायदा लागू नव्हता, म्हणून जोडपी सीमेपलीकडच्या ग्रेटना ग्रीन गावाला पळत. लंडनहून सुमारे 320 मैल. दर दहा-पंधरा मैलांवर घोडे बदलून रात्रंदिवस हाकलं तरी दोनेक दिवस. नव्या कादंबरीत मंडळी रात्री निघून सकाळी पोचतात! मग वाटेत गाडीचा आस मोडणार कधी, पाठलाग करणारा भाऊ गाठणार कधी? आणि अर्लच्या, म्हणजे बड्या उमरावाच्या, मुलीला 'लेडी' लावायचं ते तिच्या नावाला, नाइटच्या, म्हणजे 'सर' किताबवाल्याच्या, बायकोला आडनावाला. हे चुकलं की पुस्तक मिटावं.

अडकित्ता
आस मोडतो तिथल्या सरायीतल्या घोडेवाल्या पोऱ्यालाही कधी तोंड उघडू द्या.

चहाटळ
उघडतो की. 'घोडे दमलेत, साहेब.' हे वाक्य नसतं तर निम्मी कथानकं अडलीच नसती.

अडकित्ता
वाक्य दिलंत. नाव?