कंपनीची वीज ‘शंभर टक्के स्वच्छ’ म्हणजे नेमके काय?

खानापूरकर
नमस्कार. मी मूळचा खानापूर तालुक्यातला. पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. वर्षभरात वापरलेली सगळी वीज अक्षय स्रोतांतून घेतल्याचे आमच्या कंपनीने जाहीर केले आहे. पण डेटा सेंटर तर रात्रंदिवस चालते. सुट्टीत यल्लम्माच्या डोंगराकडे जाताना सौंदत्तीच्या पवनचक्क्या पाहिल्या, तेव्हापासून हा हिशेब मनातून जात नाही. कर्मचाऱ्यांनी कंपनीकडे काय मागावे?

मलप्रभाकाठ
घोषणा खोटी नसते, अपुरी असते. वर्षात जितकी युनिटे वापरली तितकी सौर किंवा पवन युनिटे विकत घेतली, की कागदावर मेळ बसतो. प्रत्यक्षात दुपारची शिल्लक सौरवीज रात्रीच्या वापरासमोर मांडलेली असते आणि त्या रात्री तारेतून येणारी बरीचशी वीज कोळशाची असते. गूगल २०१७ पासून असा वार्षिक मेळ घालत आहे, आणि तो पुरेसा नाही हे ओळखूनच तिने २०३० पर्यंत प्रत्येक तासाला कार्बनमुक्त वीज वापरण्याचे उद्दिष्ट ठेवले. आपल्या भागात हे अवघड असले तरी अशक्य नाही, कारण मृगाच्या सुमारास ढगांमुळे सौरनिर्मिती मंदावते तेव्हाच वारा जोर धरतो. म्हणून सौर, पवन आणि साठवण यांचा एकत्रित करार मागा, आणि आकडे तासागणिक मागा.

उद्यमबाग
माझा ओतकामाचा छोटा कारखाना आहे. जनित्रांसाठी लागणारे सुटे भाग आम्ही पुरवतो, आणि अशी जनित्रे डेटा सेंटरलाही लागतात. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला सहाशेच्या आसपास युनिटे लागतात, त्यामुळे मोठ्या कंपनीच्या कार्बनच्या हिशेबात आमची भट्टीही येते. एका ग्राहकाने आमच्याकडून उत्सर्जनाचा लांबलचक तक्ता भरून घेतला. मदतीचा मात्र शब्द काढला नाही, याचे वाईट वाटले. २०२२ च्या नियमांनी खुल्या बाजारातून हरित वीज घेण्यासाठी लागणाऱ्या किमान मागणीची अट एक मेगावॉटवरून शंभर किलोवॉटवर आणली खरी, पण दहा-पंधरा वर्षांच्या कराराची हमी आमच्यासारख्याने कुठून द्यावी? मोठ्या कंपनीने स्वतःच्या खरेदीत पुरवठादारांना सामील करून घ्यावे. ॲपल २०१५ पासून पुरवठादारांना स्वच्छ विजेकडे वळवत आहे, म्हणजे हे घडू शकते.

टिळकवाडीची
वरील दोन्ही मते पटली. त्यात एक भर घालते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये डेटा सेंटरांनी जगातील सुमारे दीड टक्का वीज वापरली, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे हा वाटा वाढतच आहे. त्यामुळे वीज कधी वापरायची हाही प्रश्न आहे. मी बेळगावातून घरूनच काम करते. आमच्या गटाने रात्री अकराला चालणारी बॅकअप आणि अहवालांची कामे दुपारी बारावर आणली. त्यासाठी वेळापत्रकातील एक ओळ बदलावी लागली, आणि कोणत्याही ग्राहकाची तक्रार आली नाही.

खानापूरकर
सर्वांचे मनःपूर्वक आभार. सोमवारच्या बैठकीत तासागणिक आकडे मागतो, आणि पुरवठादारांना खरेदीत घेण्याचा मुद्दा लेखी देतो. उद्यमबागवाले दादा, तुमच्या भट्टीचे उदाहरण नाव न घेता त्यात दिले तर चालेल का?