केएच ११ वर नेण्याचा हट्ट कशासाठी?

खारंपाणी (न्यू जर्सी)
तळघरात ३०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. अॅक्रोपोराचे सहा तुकडे, दोन मॉन्टिपोरा, सगळे दगडी प्रवाळ. केएच म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं डिग्रीतलं माप; त्यातूनच प्रवाळ सांगाडा बांधतात. इथल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी सांगितलं, "केएच ८ म्हणजे उपासमार रे, ११ वर ने, मग बघ कशी वाढतात." नेला. रोज ९ ग्रॅम खायचा सोडा, म्हणजे दिवसाला साधारण १ डिग्री, असे तीन दिवस. दहाव्या दिवशी अॅक्रोपोराची टोकं पांढरी, वात जळून जावी तशी. नायट्रेट-फॉस्फेट, म्हणजे पाण्यातलं पोषण, तेव्हा जवळजवळ शून्य होतं. माझं मत पक्कं झालंय: समुद्रात केएच ७ च्या आसपासच असतो आणि तेवढ्यावर तिथे प्रवाळांच्या भिंती उभ्या राहतात. टाकीत ८ ठेवा आणि तो हलू देऊ नका.

चुनखडी
असहमत. तुमचं बिनसलं ते ११ मुळे नाही, खाणं नसताना वेग वाढवल्यामुळे. सांगाडा भराभर वाढणार आणि वरच्या मांसाला पोसायला काही नाही, मग टोकं उघडी पडणारच. माझ्याकडे दोन वर्षं १०.५ आहे, पण मासे भरपूर, दोन वेळा खाणं, नायट्रेट १० च्या खाली जात नाही. आणि समुद्राचा दाखला इथे चालत नाही हो. तिथे प्रवाळांनी कितीही ओढलं तरी मागून नवं पाणी येतंच. माझी टाकी रोज दीड डिग्री केएच खाते, तो पंप भरून काढतो. आम्ही चार दिवस गावाला आणि पंपाची नळी तुंबली, तर ८ चं काय होईल?

खारंपाणी
आणि गावाहून आल्यावर १०.५ चा ४.५ झालेला दिसला, की तो काय सुखाचा प्रवास म्हणायचा? घसरण तीच, फक्त उंचावरून.

निवळी
तुम्ही दोघेही केएचच धरून बसलात, पीएचकडे कुणी बघतंय का? न्यू जर्सीत थंडीभर खिडक्या बंद, घरात माणसांचा कार्बन डायऑक्साइड साठलेला, तळघरात पीएच ७.८ वर रेंगाळत असणार. त्यावर खायचा सोडा म्हणजे पीएच आणखी जरासा खालीच. तोच सोडा ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासभर भाजला की कार्बोनेट होतो आणि पीएच वर नेतो. मी तर चुन्याची निवळी वापरते. आजोबांच्या पानाच्या डब्यात होता तोच चुना, पण डब्यातला नको, शुद्ध आणा. लिटरभर पाण्यात दीडेक ग्रॅम, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी रात्री थेंबथेंब. कॅल्शियमही त्यातूनच मिळतं.

चुनखडी
ताई, निवळी उडून गेलेल्या पाण्याच्या जागीच घालणार ना? थंडीत झाकणबंद टाकीतून दिवसाला लिटरभर उडालं तर खूप. तेवढ्या निवळीवर दगडी प्रवाळांचं पोट भरत नाही.

ठाणेकर
मध्ये बोलतोय, माफी. इकडे दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणून माझ्याकडे लेदर आणि मशरूम हे मऊ प्रवाळच. आठवड्याला १० टक्के पाणी बदललं की भागतं. पण एक विचारू? ८, ११, १०.५ हे आकडे सांगतंय कोण? थेंब टाकून पाणी तपासायचं किटच ना? ३० ग्रॅम खायचा सोडा डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून लिटर भरा. त्यातलं १० मिली घेऊन पुन्हा डिस्टिल्ड वॉटरने लिटर भरा. हे झालं १० डिग्रीचं पाणी. बेकिंग पावडर नको, त्यात आम्ल असतं. आता किट लावून बघा.

खारंपाणी
बायकोचा केकचा काटा पळवून आत्ताच केलं. रंग पालटायला थेंब संपतच नव्हते. किट म्हणतंय ११.४! म्हणजे माझे ११ खरे साडेनऊच, आणि जुने ८ जेमतेम ७.

चुनखडी
बघा! ११ वर गेलाच नव्हतात, आणि बदनामी ११ ची.

खारंपाणी
मान्य. पण तुमचे १०.५ तरी कुठे तोललेत? काटा काढा.

चुनखडी
डिस्टिल्ड वॉटर संपलंय. शनिवारी सांगतो.