इचलकरंजीत अजून साधे माग का चालतात? ८ माग खर्चीने घेताना काय बघावं?

आडवा_धागा: रेपियर, एअरजेट असे बिनधोट्याचे (शटलशिवायचे) माग येऊनही साध्या मागांच्या शेड तग धरून आहेत. खर्चीवाल्याला (व्यापाऱ्याचं सूत मजुरीवर विणून देणाऱ्याला) यात सुटतं किती? ८ माग चालू स्थितीत मिळतायत.

जुनी_पेठ: मुळं जुनी आहेत. विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये इथे पहिला यंत्रमाग लावला, संस्थानच्या घोरपडे जहागीरदारांचं पाठबळ होतं. खरी वाढ स्वातंत्र्यानंतरची. तेव्हा गिरण्यांना माग वाढवायला बंदी होती, लहान शेडला अबकारीत सवलत होती. मग सवलतीसाठी एकाच घरातले माग चार नावांवर गेले. गिरण्यांचे मोडीत निघालेले माग इथे आले. १९८२ च्या मुंबईतल्या संपानंतर कामही सरकलं, पण त्यातलं जास्त भिवंडीला. मागाची किंमत कधीच फिटलेली आणि सूत व्यापाऱ्याचं, म्हणून ते टिकतात.

पिक_पैसा: हिशोब मांडा. माग मिनिटाला १२० पिक (आडव्या धाग्याच्या फेऱ्या), कापड इंचाला ६० पिक: तासाला १२० इंच, म्हणजे ३.०५ मीटर. १२ तासांच्या पाळीत ८० टक्के वेळ माग चालला तर २९ मीटर, आठ मागांवर २३४. मजुरीचा दर मीटरमागे, इंचातल्या प्रत्येक पिकाला १० पैसे धरला तर मीटरला ६ रुपये, पाळीला साधारण १४०० रुपये. यातूनच कामगार, वीज, कांडीवाला (धोट्यातली सुताची कांडी भरणारा), जॉबर (माग दुरुस्त करणारा), वहिफणी (बीमचे उभे धागे मागात ओवणं), कापडाची घडी. उरतं ते बघा.

आणि ८० टक्के गृहीत धरू नका. ४० काउंटच्या (जाडीच्या) सुताची २० ग्रॅमची कांडी ५० इंची पन्ह्यावर ९ मिनिटांत संपते. आठ मागांवर एकच कामगार असेल तर जवळपास दर मिनिटाला एक कांडी, वर तुटलेले ताणे (उभे धागे) सांधायचे. रेपियरला बाणा (आडवा धागा) थेट सुताच्या मोठ्या कोनवरून जातो, हा व्यापच नाही.

बीम_आणि_वही: माग घेण्याआधी बीम (ताणा गुंडाळलेला रूळ) कुठल्या सायझिंगचं (सुताला खळ लावणाऱ्या कारखान्याचं) येणार ते विचारा. खळ कमी बसली की सूत फुलतं, वहीत (ताणा वर-खाली करणाऱ्या तारांत) गुंततं. जास्त झाली की ठिसूळ होऊन तुटतं. एप्रिल-मेमध्ये शेड कोरडी पडली की चांगलं बीमसुद्धा छळतं. सुती ताण्याला ७५-८० टक्के आर्द्रता लागते, नुसतं फरशीवर पाणी मारून भागत नाही.

मागात आधी पिकर (धोट्याला फटका मारणारा भाग) आणि त्याचा पट्टा बघा. ते झिजले की धोटा (बाणा नेणारी शटल) समोरच्या पेटीत वेळेवर पोचत नाही. अशा वेळी स्टॉप रॉडने माग दणका देऊन थांबला पाहिजे. तोही झिजलेला असेल तर धोटा ताण्यात अडकून शेकडो धागे एका फटक्यात जातात, वहिफणीवाला येईपर्यंत माग बंद. वर सुरू करताना कापडावर आडवी पट्टी पडली तर तो तागा सेकंडमध्ये (दुय्यम मालात).

आडवा_धागा: स्टॉप रॉड तपासायचा कसा?

बीम_आणि_वही: धोटा पेटीबाहेर ठेवून हाताने फणी (बाणा ठोकून बसवणारी) पुढे ढकला. अडली पाहिजे. सरळ पुढे गेली तर आधी तो दुरुस्त करून मागा, मगच दराचं बोला.