प्रशिक्षणाने मालक संघटना सक्षम होतात का?

प्रश्न (हिंगणा, नागपूर): आमची लघुउद्योजकांची संघटना वर्गणी आणि वार्षिक सभा यांपलीकडे जात नाही. पदाधिकाऱ्यांना प्रशिक्षण दिल्यास फरक पडेल का?

उत्तर १: नक्की पडेल. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या, १९६४ मध्ये स्थापन झालेल्या तुरिन येथील प्रशिक्षण केंद्रात मालक संघटनांसाठी स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत.

उत्तर २ (बुटीबोरी): सरकार, मालक आणि कामगार यांच्या त्रिपक्षीय विचारविनिमयाचा, याच आंतरराष्ट्रीय संघटनेचा १४४ क्रमांकाचा करार भारताने १९७८ मध्ये स्वीकारला; पण कामगार संहितांवर अभ्यासपूर्ण निवेदन लिहिणारा माणूसच संघटनेकडे नसेल, तर त्या चर्चेत आपले म्हणणे मांडणार कोण? पदाधिकारी निवडणुकीगणिक बदलतात, म्हणून आधी पगारी सचिव नेमा आणि त्याला शिकवा.

उत्तर ३: सहमत. आमच्याकडे पगारपत्रक आणि भविष्य निर्वाह निधीचे चलान समोर ठेवून वर्ग घेतला, तेव्हा एरवी सभेला न फिरकणारे सभासदही आले.