गेटसर्व्हबायनेम: दोन वेगळ्या सर्व्हिसना पोर्ट एकच येतोय

अंबडकर: नमस्कार. अंबड एमआयडीसीत कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये काम करतो. पिंपळगावच्या एका द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजसाठी सी मध्ये प्रोग्राम लिहिलाय. मीटरकडून मॉडबसवर (औद्योगिक उपकरणांशी बोलायचा प्रोटोकॉल) तापमान घ्यायचं आणि एमक्यूटीटीने (छोटे संदेश पाठवायचा प्रोटोकॉल) पुढे पाठवायचं. पोर्ट कोडमध्ये पक्के लिहायचे नव्हते, म्हणून इटीसीतल्या सर्व्हिसेस फाइलमध्ये मॉडबस ५०२ आणि एमक्यूटीटी १८८३ या ओळी टाकल्या. आधी मॉडबससाठी, मग एमक्यूटीटीसाठी गेटसर्व्हबायनेम (सर्व्हिसच्या नावावरून पोर्ट शोधून देणारं फंक्शन) बोलावलं, परत आलेले दोन पॉइंटर ठेवले. प्रिंट केलं तर दोन्हीकडे २३३०३! फाइलमध्ये हा आकडाच नाही. नेटवर्कवरची पॅकेट दाखवणाऱ्या टीसीपीडम्पमध्ये पॅकेटही २३३०३ कडेच जाताना दिसतात. हंगाम तोंडावर आलाय, कृपया सांगा.

सातपूरचा जुना: मित्रा, दोन चुका एकात एक अडकल्यात. आधी आकडा बघ. १८८३ हेक्समध्ये ०७५बी. बाइट उलटे कर, ५बी०७, म्हणजेच २३३०३. हे फंक्शन पोर्ट नेटवर्क बाइट ऑर्डरमध्ये देतं, म्हणजे मोठा बाइट आधी; तुझ्या मशीनचा क्रम उलटा आहे. छापताना एनटीओएचएस लाव, ते नेटवर्कचा क्रम मशीनच्या क्रमात बदलतं. सॉकेटच्या पत्त्यात भरताना मात्र आहे तसा भर. तू तिथे एचटीओएनएस (मशीनच्या क्रमातून नेटवर्कच्या क्रमात नेणारं) लावलेलं असणार, त्याने बाइट पुन्हा उलटले, म्हणून पॅकेटही तिकडे गेली.

आता दोन्ही सारखे का? परत येणारा पॉइंटर लायब्ररीच्या स्वतःच्या स्टॅटिक जागेकडे असतो. दुसऱ्यांदा बोलावलंस की तीच जागा पुसून नवीन उत्तर लिहिलं जातं. तुझे दोन्ही पॉइंटर एकाच पाटीकडे बघतायत. याच गोष्टीने माझे टेस्ट बेंचवरचे दोन दिवस खाल्ले होते, तेव्हापासून मी पहिलं उत्तर आलं की पोर्ट लगेच साध्या व्हेरिएबलमध्ये उतरवून घेतो. तूही तेच कर.

गंगापूर रोड: सरांचं बरोबर आहे. पुढे थ्रेड वापरणार असाल तर ग्लिबसीत (लिनक्सवरची सी लायब्ररी) याचाच अंडरस्कोर आर वाला प्रकार आहे, त्यात बफर आपण द्यायचा. नवीन कोड असेल तर मी सरळ गेटअ‍ॅडरइन्फो घेईन, होस्ट आणि सर्व्हिस दोन्ही एकदम मिळतात, आयपीव्ही६ सकट. आणि नल (रिकामा पॉइंटर) तपासताय ना? नाव सापडलं नाही तर नल येतो आणि न तपासता वापरला तर प्रोग्राम तिथेच पडतो. साइटवरच्या बोर्डावर आधी 'गेटेंट सर्व्हिसेस मॉडबस' ही कमांड चालवून बघा, नाव तिथे सापडतं का ते कळेल.

अंबडकर: सर, एचटीओएनएस खरंच लावलं होतं. काढलं, पोर्ट लगेच उतरवून घेतले, आता ५०२ आणि १८८३ येतात. मीटरचं तापमानही दिसायला लागलं. गेटेंटचं सांगितलंत ते फार बरं झालं. साइटच्या बोर्डावर मी फक्त प्रोग्राम कॉपी केला होता, सर्व्हिसेस फाइल जुनीच होती. मॉडबसची ओळ टाकली, नल आला तर लॉगमध्ये नाव लिहून ५०२ वापरायचं असंही केलंय. उद्या सकाळी बोर्ड चेंबरवर बसवतो.