पायाची खाज: तुमची कशाने गेली?

वर्षभर डाव्या पायाच्या करंगळीशेजारच्या बेचक्यात खाज येतेय. कातडी पांढरी पडून, ओलसर होऊन सुटते, खाली लालबुंद. मलम लावलं की चार दिवसांत बरं, पंधरवड्याने पुन्हा हजर. तुमच्याकडे शेवटी निदान काय निघालं आणि नेमकं काय केल्यावर थांबलं, ते लिहा. फसलेले उपाय तर जरूर लिहा.

*

वर्णनावरून चिखल्याच वाटतात, म्हणजे बेचक्यातली बुरशी. मीही तुमच्यासारखाच चौथ्या दिवशी मलम सोडायचो. खाज थांबते, बुरशी आत असतेच. शेवटी क्लोट्रिमॅझोल हे बुरशीचं मलम नेटाने लावलं, कातडी साफ झाल्यावरही आणखी दोन आठवडे. बुटांचे दोन जोड केले. एक दिवस घातला की दुसऱ्या दिवशी तो वाळायला. आंघोळीनंतर बेचकी पुसायला जुन्या सुती कापडाची वेगळी पट्टी आहे, बोटांमधून ओढून घ्यायची. आणि एक (हसू नका): मोजे आधी, चड्डी नंतर. उलट केलं की पायाची बुरशी जांघेत चढते. अनुभवाचे बोल!

*

माझी चूक मोठी होती. पावलावर नायट्यासारखा गोल चट्टा होता. घरात कुणाचं तरी उरलेलं मलम सापडलं, तेच चोपडलं. पहिल्याच रात्री गाढ झोप लागली, त्यामुळे त्याच्यावर भलताच विश्वास बसला. ट्यूबवर बारीक अक्षरांत क्लोबेटासोल लिहिलं होतं, म्हणजे जबरदस्त ताकदीचं स्टेरॉईड. ते लाली आणि खाज दाबतं आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. दोन महिन्यांत चट्टा घोट्यापर्यंत गेला, गोल कडाही पुसट झाली, त्यामुळे पहिल्या डॉक्टरांना तो इसब वाटला. दुसऱ्या डॉक्टरांनी बोथट पात्याने कोंडा खरवडून काचेवर घेतला, पोटॅशियम हायड्रॉक्साईडचा थेंब टाकला आणि मला सूक्ष्मदर्शकातून पाहायला बोलावलं. काचेवर फांद्या फुटलेले बारीक धागे, म्हणजे बुरशीच! मलम बंद केल्यावर आठवडाभर खाज दुपटीने उसळली, तो काळ वाईट गेला. मग गोळ्यांनी हळूहळू उतरलं.

*

माझ्याकडे बुरशी नव्हतीच. तळव्याच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढे खोल, पाण्याने भरलेले फोड, हाताच्या बोटांवरही तसेच. हा इसबाचाच एक प्रकार निघाला. मी सहा महिने बुरशीचं मलम लावत बसले होते. इथे उलट डॉक्टरांनी स्टेरॉईडच दिलं, मोजके दिवस. वरचा प्रतिसाद वाचून कुणी सरसकट घाबरू नये.

*

चपलेचा पट्टा जिथे टेकतो बरोबर तिथेच पुरळ, दोन्ही पायांवर आरशात पाहिल्यासारखं सारखं. बोटांच्या बेचक्या स्वच्छ. पाठीवर पॅच टेस्टच्या पट्ट्या 48 तास चिकटवून ठेवल्या (पाठ भिजवायची नाही, हाच खरा त्रास) आणि रबर बनवताना वापरतात त्या रसायनाची ॲलर्जी सापडली. चप्पल बदलली, संपलं.

*

रात्रीच जास्त खाजतं आणि घरातल्या दुसऱ्या कुणालाही खाजतंय? मग खरूज आहे का ते बघा. औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं असतं.

*

वडिलांना मधुमेह आहे. बेचक्यातली साधी भेग, कुणी लक्ष दिलं नाही. बरं वाटावं म्हणून त्यांनी गरम पाण्यात पाय बुडवले. पायाला संवेदना कमी, चटका कळलाच नाही. तिसऱ्या दिवशी पोटरीपर्यंत लाल सूज आणि हुडहुडी. रुग्णालयात शिरेतून प्रतिजैविकं द्यावी लागली. आता रोज रात्री मी त्यांची बेचकी टॉर्च लावून बघतो, ते कुरकुरतात.

*

धागा काढणारी मीच. काल दाखवून आले. बुरशीच आहे, पण डॉक्टरांनी बेचक्याआधी अंगठ्याचं नख पाहिलं: जाड, पिवळं, कडेला भुसभुशीत. मला ते बूट लागून झालंय असं वाटायचं. बुरशी तिथे दबा धरून बसते आणि मलम नखात पुरेसं पोचत नाही. नखाचं कात्रण तपासणीला दिलंय, गोळ्यांचं अहवाल आल्यावर. तोवर माझं नेलकटर वेगळ्या डबीत.