एसईओवर किती खर्च करावा? तीन कोटेशनं आली, तिन्ही आकडे तीन टोकांचे

टाकादोरा
नमस्कार मंडळी. शिलाई मशीनचे सुटे भाग विकणारी आमची वेबसाइट आहे. बॉबिन केस, मोटर बेल्ट, प्रेसर फूट, सुया, असा साधारण ३०० वस्तूंचा माल. ऑर्डरी येतात त्या बहुतेक जुन्या गिऱ्हाइकांच्या, बाकी गूगलच्या जाहिरातींतून. जाहिरात बंद केली की नवीन गिऱ्हाईक बंद, म्हणून एसईओ, म्हणजे जाहिरातीशिवाय गूगलच्या निकालांत वर यायचं काम, करायचं ठरवलं आणि तीन जणांकडून कोटेशन घेतलं.

सगळ्यात स्वस्त आहे तो 'महिन्याला २०० बॅकलिंक' देतो, म्हणजे दुसऱ्या वेबसाइटवरून आमच्याकडे येणाऱ्या लिंका. मधला म्हणतो सहा महिन्यांत पहिला नंबर, नाहीतर पैसे परत. सगळ्यात महाग आहे तो कसलीच हमी देत नाही, आधी ऑडिट, म्हणजे वेबसाइटची तपासणी, करू म्हणतो. ओळखीतले एक जण सांगतात, उलाढालीचे ठरावीक टक्के बाजूला काढ. पण ते टक्के कुठून आले हे त्यांनाही सांगता येत नाही. हिशेब सुरू कुठून करायचा?

ओळअक्षर
दादा, मी हेच काम करते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

टक्केवारी बाजूला ठेवा. तुमच्या उलाढालीवरून तुमचा माल गूगलवर किती लोक शोधतात हे कळत नाही, आणि खर्चाची मर्यादा ठरते ती त्या शोधांवरून. जाहिराती चालू आहेत म्हणजे कीवर्ड प्लॅनर, कोणता शब्द किती शोधला जातो ते दाखवणारं गूगलचं साधन, तुमच्याकडे आहेच. तुमच्या मालाशी थेट संबंध असलेले शोध काढा. समजा महिन्याला १०,००० भरले. चांगली जागा मिळाली तर त्यातले ५ टक्के तुमच्याकडे येतील असं धरा, म्हणजे ५००. त्यातले २ टक्के खरेदी करतील असं धरा, म्हणजे १० ऑर्डरी. हे दोन्ही टक्के मी नुसते धरलेत, तुमचे तुम्ही घाला. आता या १० ऑर्डरींवर माल, पॅकिंग, कुरिअर, परत आलेला माल हे सगळं वजा जाऊन हातात काय राहतं? तुमच्या धंद्यात टेलर एकदा आला की पुन्हा पुन्हा येतो, म्हणून एका ऑर्डरीचा नाही, त्या गिऱ्हाइकाचा वर्षभराचा नफा धरा. कायम चालू ठेवायचा महिन्याचा खर्च या रकमेच्या वर जाता कामा नये. त्याच्या बराच खाली राहिला तरच करण्यात अर्थ.

आणि हा नफा पहिल्या महिन्यापासून येत नाही. कामाचा परिणाम दिसायला चार महिने ते एक वर्ष लागतं, असं गूगलच्याच लोकांनी सांगितलंय. म्हणून स्वतःला दुसरा प्रश्न विचारा: वर्षभर काहीही परत आलं नाही तरी धंद्याला धक्का न लागता महिन्याला किती घालता येतील? दोन्ही आकड्यांतला लहान तो तुमचा. पाचव्या महिन्यात पैसे संपले म्हणून काम थांबवणं हा मला सगळ्यात वाईट वाटणारा खर्च आहे, कारण तोवरचं सगळं अर्धवट राहतं.

आता कोटेशनं. २०० बॅकलिंकवाल्याला आजच नाही म्हणा. रँकिंगसाठी विकत घेतलेल्या लिंका गूगलच्या स्पॅम धोरणाच्या सरळ विरुद्ध आहेत. २०१२ साली गूगलच्या रँकिंगमध्ये पेंग्विन नावाचा बदल आला तो अशाच गोष्टींवर, आणि त्यानंतर कित्येक वेबसाइटवाल्यांनी त्याच लिंका काढून टाकायला वेगळे पैसे मोजले. हमीवाल्याला विचारा, पहिला नंबर कोणत्या शब्दाला? तुमच्या दुकानाच्या नावाला तो नंबर बहुधा आत्ताच असेल. पहिल्या नंबरची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गूगलने स्वतः लिहून ठेवलंय. तिसऱ्याशी बोला, पण त्याआधी सर्च कन्सोल उघडून बघा. गूगलचं ते साधन फुकट आहे, तुमची पानं कोणत्या शोधांत दिसतात याची १६ महिन्यांची माहिती देतं. दुकानाच्या नावाचे शोध गाळा आणि काय उरतं ते इथे लिहा.

रिकामी_चौकट
वरचा हिशेब पटला, पण २ टक्के अंदाजाने कशाला धरायचे? जाहिरातींत सर्च टर्म्सचा रिपोर्ट असतो. कोणत्या शब्दाने ऑर्डर आली आणि कोणत्या शब्दाने नुसत्या क्लिक झाल्या, ते त्यात उघड दिसतं. ज्या शब्दावर जाहिरात देऊनही माल विकला जात नाही, त्यावर एसईओ करून काय मिळणार?

दुसरं, ऑडिटबद्दल. आम्ही एकदा भलं मोठं ऑडिट करून घेतलं. अहवाल चांगला होता, पण बजेट सगळं त्यातच गेलं आणि सांगितलेले बदल करायला डेव्हलपरचे पैसे उरले नाहीत. कोटेशनमध्ये 'हे बदल प्रत्यक्ष कोण करणार' ही ओळ नसेल तर तो आकडा अर्धाच समजा.

टाकादोरा
दोघांचेही मनापासून आभार. सर्च कन्सोल उघडलं आणि धक्काच बसला. ३०० पानांपैकी इंडेक्समध्ये, म्हणजे गूगलच्या यादीत, ९० च्या आसपास. बाकीच्यांपुढे बहुतेक ठिकाणी 'क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड'. वस्तूंचं वर्णन आम्ही कंपनीच्या कॅटलॉगमधूनच घेतलंय, तेच बाकी दुकानांतही आहे. आणि नाव गाळल्यावर सगळ्यात जास्त दिसतात ते 'अमुक मॉडेलला कोणता बेल्ट बसतो' या धाटणीचे शोध. सरासरी स्थान १४, क्लिक जवळजवळ नाहीत.

ओळअक्षर
दादा, मग तुमचे पैसे कुठे घालायचे ते तुम्हीच शोधलंत!

गूगलने ती पानं पाहिली आणि ठेवली नाहीत. तेच वर्णन दहा ठिकाणी असेल तर अकरावं कशाला ठेवायचं? अशा पानांवर बाहेरून लिंका आणून काही होत नाही. माणूस विचारतोय कोणता बेल्ट बसतो, आणि तुमच्या पानावर लिहिलंय 'उत्तम दर्जाचा टिकाऊ बेल्ट'. तिथे हवी ती यादी: कोणकोणत्या मॉडेलला बसतो, लांबी किती, दातेरी की साधा, जुना बेल्ट कसा मोजायचा, आणि मोजपट्टी शेजारी ठेवून काढलेला फोटो. गिऱ्हाईक फोनवर हेच विचारत असणार. शीर्षकातही मॉडेलचं नाव येऊ द्या.

ही माहिती कुठल्याही एजन्सीकडे नाही, तुमच्या काउंटरवरच्या माणसाकडे आहे. म्हणून पहिल्या तीन-चार महिन्यांचा मोठा खर्च त्याच्या वेळेचा आणि फोटोंचा धरा. सगळी ३०० पानं एकदम घेऊ नका. जाहिरातींत ज्या वस्तू विकल्या जातात त्यातली ३० घ्या. 'शिलाई मशीनची निगा' वगैरे सर्वसाधारण लेख आत्ता लिहूनच घेऊ नका. २०२४ पासून गूगल अशा प्रश्नांची उत्तरं बरेचदा वरच्या वर एआयने देतं आणि क्लिक तिथेच अडते. बेल्ट मात्र माणसाला विकतच घ्यावा लागतो.

ऑडिटवाल्याला पूर्ण करार देऊ नका. एकदाचं, छोटं काम द्या: इंडेक्सिंगला तांत्रिक अडथळा आहे का, एकाच वस्तूची दोन-तीन पानं तयार होतात का, आणि दुरुस्ती डेव्हलपरला समजेल अशी लिहून. सर्च कन्सोल आणि अ‍ॅनालिटिक्सची मालकी तुमच्याच खात्यात राहू द्या, त्याला फक्त प्रवेश द्या. महिन्याचा करार करायचा की नाही, ते त्या ३० पानांचं स्थान आणि त्यांवरून आलेल्या ऑर्डरी बघून ठरवा. तोवर जाहिराती बंद करू नका.

टाकादोरा
काउंटरवर सुरेख अक्षराचा, बावीस वर्षं मशीन दुरुस्त केलेला माणूस आहे. त्याला उद्यापासून रोज दोन तास याच कामाला देतो. ऑडिटवाल्याकडून फक्त इंडेक्सिंगपुरतं नवं कोटेशन मागवलंय, आलं की इथेच टाकतो.